काठावर राहिलेला

माय आता दाभडला येत नाही. गुडघे गेले. तरी पौष पौर्णिमा जवळ आली की ती पेटीतलं पांढरं लुगडं काढायला लावते, उन्हात टाकायला सांगते, संध्याकाळी स्वतःच्या हातानं पुन्हा घडी घालते आणि म्हणते, "तू जाऊन ये बाई. काय सांगतेत ते ध्यान देऊन ऐक. आल्यावर मला सांग." मी निघते तेव्हा ती ओट्यावर खुर्चीत बसलेली असते. परतते तेव्हाही तिथंच असते. मधल्या वेळात ती उठली, जेवली, झोपली असेल. पण मला तसं कधीच वाटत नाही.

आमचं घर विष्णुपुरीत. नांदेडच्या दक्षिणेला, गोदावरी ओलांडून. गावाचं नाव विष्णूचं, पण नदीकाठचा देव काळेश्वर, म्हणजे महादेव. धरणानं अडवलेल्या पाण्याचं नाव शंकरसागर, पण तो शंकर कैलासावरचा नव्हे, शंकरराव चव्हाणांचा. नाव एकाचं आणि नांदणं दुसऱ्याचं, ही इथली जुनीच रीत असावी. महाशिवरात्रीला काळेश्वराच्या वाटेवर कवठांचे ढीग लागतात. आम्ही त्या देवळात जात नाही, कवठं मात्र आणतो. मायच्या हातची कवठाची चटणी, गूळ नि लाल मिरची घातलेली, तिला कुठल्याही धर्माची आडकाठी नाही. या कवठांची गोष्ट पुढं येणार आहे.

दाभड शहराच्या दुसऱ्या अंगाला. नांदेडहून अर्धापूरकडं निघालं, आसना नदीचा पूल ओलांडला की केळीच्या बागा सुरू होतात आणि त्याच वाटेवर महाविहार बावरीनगर लागतो. वर्षातून एकदा, थंडीत, तिथं बौद्ध धम्म परिषद भरते. नांदेड, हिंगोली, परभणी, लातूर, पलीकडून तेलंगणातली माणसं येतात. टेम्पो, ट्रॅक्टर, आता मोटारीही. पंचशील ध्वज, पुस्तकांची दुकानं, बाबासाहेबांच्या तसबिरी, भिक्खूंची चीवरं, आणि सगळीकडं पांढरं लुगडं, पांढरा सदरा. लांबून पाहिलं तर कापसाचं वावर फुटल्यासारखं दिसतं. माय म्हणाली होती, आपण आयुष्यभर दुसऱ्याचा कापूस वेचला, तिथं गेलं की आपणच कापूस होतो. हे ती एकदाच म्हणाली, हसत, आणि नंतर विसरूनही गेली. माझ्या मात्र ते मनात राहिलं.

बौद्ध वस्त्यांची आणि विहारांची नावं कुणीही चार सांगू शकेल. लुंबिनी, वैशाली, नालंदा, जेतवन, सिद्धार्थनगर. बुद्ध जिथं जन्मला, जिथं राहिला, ज्यांनी त्याला पाहिलं, त्यांची नावं. बावरी हे नाव मी दुसऱ्या कुठल्या पाटीवर वाचलेलं नाही. आणि गंमत अशी, की बावरीनं बुद्धाला पाहायला जायचं सोडाच, तो आपल्या आश्रमातून हललासुद्धा नाही.

ही गोष्ट सुत्तनिपातात आहे. पाली वाङ्मयातला फार जुना भाग. धर्मानंद कोसंबींनी त्याचं मराठी भाषांतर केलं, म्हणून माझ्यासारख्या पाली न शिकलेल्या बाईला वाचता आलं. त्याच्या शेवटच्या भागाचं नाव पारायणवग्ग. पारायण म्हटलं की आपल्याला सप्ताह आठवतो, पोथी आठवते, सात दिवस एका बैठकीचं वाचन आठवतं. पालीत त्याचा अर्थ सरळ आहे: पार, म्हणजे पैलतीर, आणि अयन, म्हणजे जाणं. पैलतीरी जाण्याचा अध्याय. त्याची सुरुवात होते ऐलतीरावर राहिलेल्या म्हाताऱ्यापासून.

बावरी हा ब्राह्मण, मंत्रांत पारंगत. कोसल देशातून, म्हणजे आजच्या अयोध्या-श्रावस्तीच्या मुलखातून, तो दक्षिणेत आला. कशासाठी? आपल्याजवळ काहीच नसावं, यासाठी. अकिंचनता हवी होती त्याला. गोदावरीच्या काठी, अस्सक राजाच्या मुलखात, अळकाच्या शेजारी त्यानं आश्रम केला. खायला फळं, आणि शेतात पडलेले दाणे वेचून आणायचे. कोसंबींच्या पुस्तकात हे वाचलं तेव्हा मी ते मायला वाचून दाखवलं होतं. ती लगेच म्हणाली, "सरवा वेचायचा की मंग." सरवाच. काढणी झालेल्या वावरातली पडलेली कणसं वेचायची, धन्यानं हाकललं तर निघून यायचं. ज्या गोष्टीचं नाव पंडितांनी उंछवृत्ती ठेवलं तिचं आमच्या घरातलं नाव सरवा. फरक एवढाच की त्यानं ती वृत्ती निवडली होती.

अट्ठकथा, म्हणजे नंतरच्या काळातली टीका, आणखी सांगते. नदी तिथं दुभंगून मधे बेट झालं होतं. तिथंच पूर्वी सरभंग नावाचा तपस्वी राहिला होता. त्या वनाचं नाव कविट्ठवन. कवठांचं रान. हे पहिल्यांदा वाचलं ती महाशिवरात्रीच्या आदल्या दिवसाची रात्र होती, आणि स्वयंपाकघरात टोपलीत चार कवठं पिकत ठेवलेली होती. त्या वासानं मी पुस्तक मिटून उठले. अडीच हजार वर्षांचा पुरावा म्हणून कुणी कवठाचा वास धरणार नाही, हे मला कळतं. पण कथा आपल्या दारात येते ती अशीच, कागदपत्रं घेऊन येत नाही.

आश्रमाशेजारी मोठं गाव वसलं. गावाचं उत्पन्न येऊ लागलं. बावरीनं ते जवळ ठेवलं नाही, त्यातून मोठा यज्ञ केला, सगळं देऊन टाकलं आणि पुन्हा आश्रमात येऊन बसला. हाती काही उरलं नाही. कोसलातून ज्यासाठी निघाला होता ते साधलं. आणि नेमका त्याच दिवशी एक दुसरा ब्राह्मण दारात आला. पाय सुजलेले, दात किटलेले, डोक्यावर धूळ, तहानलेला. म्हणाला, पाचशे नाणी दे. बावरी म्हणाला, होतं नव्हतं ते देऊन बसलो, आता पाचशे कुठून आणू, क्षमा कर. तो म्हणाला, मागणाऱ्याला देत नाहीस ना? आजपासून सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकलं होतील. आणि काहीतरी थोतांडी विधी करून हा भयंकर शाप देऊन गेला.

आता डोकं फुटण्याचं भय गोदावरीच्या काठाला नवं नाही. चांदोबा वाचून वाढलेल्या कुणालाही वेताळ आठवेल: उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याचे तुकडे, अशी धमकी देऊन तो विक्रमाच्या खांद्यावर बसतो. कथासरित्सागरात त्या वेताळाचा राजा त्रिविक्रमसेन, आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. दुसरीकडं तेरला गोरोबाकाका संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं कच्चं ते बघत होते. नामदेवांचं कच्चं निघालं आणि ते गुरू शोधत औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले. म्हणजे पैठण, तेर, औंढा, नांदेड अशा दीडदोनशे मैलांच्या टापूत डोक्यावरून इतकं काही घडून गेलेलं आहे. आमच्याकडं रागावलेला मास्तर अजूनही "डोकं फोडीन" म्हणतो, तेव्हा तो कुठल्या परंपरेत बोलतोय याची त्याला कल्पना नसते.

तेरचा विषय निघाला म्हणून सांगते. तिथं त्रिविक्रमाचं देऊळ आहे, विटांचं, मागची बाजू गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखी गोल. १९०० सालच्या आसपास हेन्री कझिन्स या पुरातत्त्वज्ञानं ते पाहिलं आणि ओळखलं, की हे मुळात बौद्ध चैत्यगृह असावं. लेण्यात डोंगर कोरून करतात तो आकार इथं विटांनी बांधलेला. आत आज वामनाचा त्रिविक्रम पाय उचलून उभा आहे. नामदेवांच्या कीर्तनात गोरोबांचे तुटलेले हात परत आले ते याच देवळात, असं तेरची माणसं सांगतात. मी तिथं गेले होते तेव्हा पुजाऱ्यानं मला हात परत येण्याची गोष्ट सांगितली, मी त्याला चैत्याची सांगितली. त्यानं ऐकून घेतलं, नारळ फोडला, अर्धा माझ्या हातात दिला. वाद झाला नाही. व्हायला हवा होता का, हे मी अजून ठरवलेलं नाही. विटांना काय ते माहीत.

तर बावरी. अकिंचन होण्यासाठी आलेला माणूस अकिंचन झाला, आणि त्याच पायी शाप खाऊन बसला. अन्नपाणी सुटलं. वाळत चालला. एवढा वेद जाणणारा, पाचशे शिष्यांचा गुरू, एकशेवीस वर्षांचा, आणि एका फाटक्या माणसाच्या तोंडच्या वाक्यानं हादरला. मला कथेतली ही जागा सगळ्यांत खरी वाटते. परीक्षितीलाही सातच दिवस मिळाले होते, पण त्याला निदान तक्षक कोण हे माहीत होतं. बावरीला डोकं फुटणं म्हणजे नेमकं काय हेच माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेल्याचंच भय मोठं. तेव्हा त्याचं भलं चिंतणारी एक देवता येऊन सांगते: तो भोंदू आहे, पैशाचा लोभी, त्याला मूर्धा म्हणजे काय तेही कळत नाही आणि मूर्धा फुटणं म्हणजे काय तेही. मग कुणाला कळतं? मलाही नाही, देवता म्हणते. किती बरं वाटतं असं कबूल करणारी देवता भेटली की! कळतं ते एकालाच, शाक्यांच्या कुळातून निघालेल्या बुद्धाला. तो उत्तरेत आहे, श्रावस्तीत.

बावरी स्वतः गेला नाही. सोळा शिष्य पाठवले. अजित, तिस्स मेत्तेय्य, पुण्णक, मेत्तगू, धोतक, नंद, मोघराज... आणि सगळ्यांत शेवटी पिंगिय, जो स्वतःही म्हातारा होता. जाताना बावरीनं बजावलं: प्रश्न तोंडानं विचारू नका, मनात धरा. तो खरा असेल तर मनातल्याचं उत्तर तोंडानं देईल.

त्यांची वाट पाली गाथेत गावागावानिशी दिली आहे. आधी पतिट्ठान, म्हणजे पैठण. मग माहिस्सती, उज्जेनी, गोनद्ध, वेदिसा, कोसंबी, साकेत, श्रावस्ती. तिथं बुद्ध नाही, म्हणून पुढं कपिलवस्तू, कुसिनारा, पावा, वैशाली, आणि शेवटी मगधातलं पासाणक चैत्य. नांदेडच्या माणसानं ही यादी एकदा मोठ्यानं वाचावी. आपली अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस औरंगाबाद, मनमाड, भुसावळ करत खंडवा, भोपाळकडं चढते. माळव्यापर्यंतची दिशा तीच. उत्तरेत निघालेला माणूस आधी नर्मदा ओलांडणार, मग विदिशेच्या अंगानं पुढं सरकणार. पाय असोत की रूळ, मैदानं आणि घाट बदलत नाहीत.

यादीतून आणखी एक गोष्ट दिसते. सोळाजण निघाले आणि पैठणला 'पोचले'. म्हणजे आश्रम पैठणात नव्हता, तिथून दूर होता. अस्सक जनपदाची राजधानी पोतन, आणि पुष्कळ अभ्यासक ती म्हणजे निजामाबाद जिल्ह्यातलं बोधन असं मानतात. आमच्या बिलोली-देगलूरच्या सीमेपलीकडलं गाव. सोळा महाजनपदांत विंध्याच्या दक्षिणेचं हे एकच. आता पैठण एका टोकाला आणि बोधन दुसऱ्या टोकाला धरलं, तर मधे गोदावरीचा जो लांब पट्टा उरतो त्याच्यावर नांदेड बसलेलं आहे. तेलंगणात खाली बादनकुर्तीच्या बेटाकडं बोट दाखवून बावरी तिथलाच असं सांगणारेही आहेत. दाभड तर गोदावरीच्या काठावरही नाही, आसनेच्या पलीकडं आहे. परिषदेत एका तरुणानं मला विचारलं, "मॅडम, मंग खरी जागा कोणती?" मी म्हणाले, तीनशे किलोमीटरची नदी आहे, एका म्हाताऱ्याला बसायला कुठंतरी जागा मिळाली असेल. त्याला ते उत्तर आवडलं नाही. त्याला अक्षांश-रेखांश हवे होते. त्याचं वयच तसं होतं.

मला जागेपेक्षा नावाचं कुतूहल जास्त आहे. नावाचं मोल मराठवाड्याला शिकवावं लागत नाही. १९७८ साली मी शाळेत होते. विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि खेडोपाडी आमची घरं पेटली. टेंभुर्णीला पोचिराम कांबळे मारले गेले. पुढं सोळा वर्षं तो प्रश्न धुमसत राहिला. १९९३च्या नोव्हेंबरात नांदेडात गौतम वाघमाऱ्यांनी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ला नाव मिळालं, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला विद्यापीठाचं विभाजन होऊन नांदेड-लातूर-परभणीसाठी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, इथं विष्णुपुरीत, आमच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. नावावर माणसं जगतात आणि मरतात. म्हणून ज्या लोकांनी एका महाविहाराला बावरीचं नाव दिलं त्यांनी ते उगाच दिलं असेल असं मला वाटत नाही.

बाबासाहेबांनी १९५०मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, त्याला नाव दिलं मिलिंद. परिसराला नागसेनवन, पण कॉलेजला मिलिंद. भिक्खू नागसेनानं उत्तरं दिली, ग्रीक राजा मिलिंदानं प्रश्न विचारले आणि आपण हरलो हे मोकळेपणी मान्य केलं. शिकायला येणाऱ्या पोरांच्या डोक्यावर उत्तर देणाऱ्याचं नाव लावता आलं असतं. त्यांनी विचारणाऱ्याचं लावलं. बावरीची जातकुळी हीच. फक्त मिलिंद समोरासमोर बसून विचारतो, आणि बावरीला तेवढंही मिळत नाही.

पासाणक चैत्याजवळ सोळाजण पोचले. अजितनं मनातल्या मनात विचारलं, आमच्या गुरूचं वय किती, गोत्र कोणतं, अंगावर खुणा किती, शिष्य किती. बुद्धानं एकेक सांगितलं. मग अजितनं बावरीचा खरा प्रश्न उघड मांडला. मूर्धा कोणता आणि तो फुटतो कसा? उत्तर एवढंसं आहे, की अविद्या हाच मूर्धा, आणि श्रद्धा, स्मृती, समाधी, इच्छा नि वीर्य यांना बरोबर घेऊन येणारी विद्या ती फोडणारी. म्हणजे ज्या डोकं फुटण्याला बावरी सात दिवस घाबरत होता ते फुटायलाच हवं होतं. शाप देणाऱ्याला कळलं नाही की आपण आशीर्वाद देतोय. ही कलाटणी देणारा कथाकार कोण होता कुणास ठाऊक. त्याच्या एका गाथेसमोर आपली पानंच्या पानं फिकी पडतात.

पुढं प्रत्येकजण आपापला प्रश्न विचारतो. शेवटी पिंगिय. तो तत्त्वज्ञान मांडत बसत नाही. म्हणतो, मी म्हातारा झालो, अंगात बळ नाही, नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, गोंधळलेल्या मनानं मरण येऊ नये एवढं सांगा. अट्ठकथा म्हणते, बाकीचे तिथंच अर्हत झाले, पिंगिय मात्र थोडक्यात राहिला. कारण बुद्ध बोलत होता तेव्हा त्याचं चित्त मधेच ढळलं. पिंगिय बावरीचा भाचा. त्याच्या मनात आलं, हे इतकं सुंदर बोलणं माझ्या मामाला ऐकायला मिळालं नाही.

एवढ्यासाठी मोक्ष लांबला! मी तर म्हणेन, चारशे पानांच्या तत्त्वचर्चेपेक्षा त्या एका ढळण्यात जास्त माणूसपण आहे. आणि दाभडच्या मांडवात बसलेली असताना माझंही नेमकं हेच होतं. भंतेजी देसना देत असतात, शब्द कानावर पडत असतात, आणि माझं ध्यान विष्णुपुरीच्या ओट्यावर. माय आता काय करत असेल. औषध घेतलं असेल का. हे वाक्य तिला सांगायचं, हं, हे लक्षात ठेवायचं. आणि लक्षात ठेवण्याच्या नादात पुढची दहा वाक्यं निसटतात. घरी येते तेव्हा हाती उरतं ते इतकं थोडं, की मला लाज वाटते. मग मी पुस्तकातली गोष्ट सांगते. तिला चालतं.

मायला या ऐकीव धम्माची सवय आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तेव्हा नांदेड हैदराबाद राज्यातच होतं. मुंबई राज्यात आलं ते अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला. माय सतरा वर्षांची, थोरल्या भावाच्या वेळचे दिवस भरत आलेले. सासरे, म्हणजे माझे आजोबा, गावातल्या चौघांबरोबर गेले, काही वाट पायी, काही मोटारीनं, काही रेल्वेनं. तिला न्यायचा प्रश्नच नव्हता. आजोबा परत आले ते पांढऱ्या धोतरात, घसा बसलेला. रात्री वाड्यातल्या सगळ्यांना गोळा करून बावीस प्रतिज्ञा सांगायला बसले. बावीसातल्या सतरा-अठराच आठवत होत्या. ज्या आठवेनात त्यांच्याबद्दल ते म्हणाले, "त्या बी मी घेतल्यात. तोंडाला येईनात एवढंच." मायनं त्या रात्री त्यांच्या तोंडून ऐकलेल्या प्रतिज्ञा घेतल्या. उरलेल्या तिला पुढं कितीतरी वर्षांनी छापील कागदावर भेटल्या. दुसऱ्या दिवशी देवाचे टाक टोपल्यात घालून नदीला दिले. दोन महिने झाले नाहीत तोवर ६ डिसेंबर आला. ज्यांनी बाबासाहेबांना पाहिलं ते थोडे, ज्यांनी पाहिलेल्यांकडून ऐकलं ते लाखो. त्यांतली ही एक.

पिंगिय परत आला. सोळांतला बावरीकडं बातमी घेऊन आलेला तोच. बावरीनं त्याला विचारलं, अशा बुद्धाला सोडून तू क्षणभर तरी दूर कसा राहू शकतोस? पिंगिय म्हणतो, मी दूर नाहीच. देह थकला म्हणून तिथवर जात नाही, मन रात्रंदिवस तिकडंच असतं. दोघे म्हातारे बोलत बसलेले असताना, अट्ठकथेत, उजेड पसरतो आणि बुद्ध समोर उभा दिसतो. पिंगिय अर्हत होतो, बावरी त्याच्या एक पायरी खाली, अनागामी. भाच्याचं आधी राहिलेलं मामाच्या सोबतीनं पुरं होतं. उजेडाचं मी मायला फारसं रंगवून सांगत नाही. चमत्कार आला की ती तोंड वाकडं करते. बाबासाहेबांनी चमत्कार मानू नका म्हणून सांगितलंय, हे तिला पक्कं आठवतं.

२०२४च्या सप्टेंबरात उदगीरला मोठा विहार झाला, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू उद्घाटनाला आल्या होत्या. टीव्हीवर ते पाहताना मी मायला म्हणाले, गाडी करू, तुला खुर्चीतून नेऊ. तिनं मन लावून पाहिलं, घुमट छान आहे म्हणाली, आणि म्हणाली, "मला दाभडचंच सांग."

यंदा परत आले तेव्हा सात वाजून गेले होते. थंडी होती. माय शाल गुंडाळून ओट्यावरच. जेवायला काय होतं, कोण कोण भेटलं, गर्दी किती, भंतेजी कोणते, हे सगळं झालं. मग ती म्हणाली, आता गोष्ट सांग. मी बावरीची गोष्ट सांगितली, दरवर्षी सांगते तशी. यज्ञ, भिकारी ब्राह्मण, शाप, देवता, सोळाजण. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोपली. मी पिंगियपर्यंत आले तेव्हा तिनं हात वर केला.

"थांब. त्या बामणाचं काय झालं?"

"कुठल्या?"

"पाचशे मागणाऱ्या. शाप दिलेल्या. त्याला नंतर कुणी विचारलं का?"

मी म्हणाले, तो भोंदू होता, तसं देवतेनंच सांगितलंय.

"असंल भोंदू. पण पाय सुजल्यालं होतं म्हणलीस ना तू? लांबून चालत आला असंल. तहानल्याला होता म्हणलीस. पैसे नव्हते तर नव्हते. बावरीनं पाणी दिलं का त्याला?"

मी गप्प. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. आत जाऊन कपाटातून पुस्तक काढलं, चष्मा लावला, पान शोधलं. ओट्यावरच्या दिव्याखाली उभ्यानं वाचलं. तो आल्याबरोबर बावरीनं त्याला बसायला आसन दिलं आहे. सुखरूप आहेस ना, बरा आहेस ना, असंही विचारलं आहे. तहानलेला होता, हे तर गाथेतच आहे. पाण्याचा उल्लेख मात्र नाही. मी पुन्हा वरून खाली वाचलं.

"बसायला दिलं," मी म्हणाले. "ख्यालीखुशाली विचारली."

"आन् पाणी?"

"पाण्याचं लिहिलं नाही, माय."

ती थोडा वेळ नदीच्या बाजूच्या अंधाराकडं बघत राहिली. मग म्हणाली, "नदी तर दारात होती," आणि उठायला हात पुढं केला.